जट उलगडणारी सावंत्रा

फार फार वर्षांमागे, बोरखळीचा ओढा बारा महिने वाहायचा आणि गावात मोजून साठ उंबरे होते, तेव्हा तिथे सावंत्रा नावाची न्हाव्याची लेक होती. तिचा बाप रखमाजी गावाची हजामत करायचा. त्याचा हात इतका हलका, की झोपलेल्या माणसाची दाढी केली तरी तो जागा होत नसे, असं म्हणतात.

सावंत्रा अकरा वर्षांची असताना तिच्या डोक्याला चाई लागली. एके सकाळी वेणी घालताना केसांचा पुंजका आईच्या हातात आला आणि खाली कवडीसारखी गुळगुळीत जागा दिसली. आठवड्याने दुसरी, मग तिसरी. कुणी म्हणालं किडा चाटून गेला, कुणी म्हणालं दृष्ट लागली. आई रडत बसली. सावंत्राला रडण्याआधी प्रश्न पडला.

"बाबा, हितलेच का गेले? शेजारचे का ऱ्हायले?"

रखमाजी म्हणाला, "पोरी, मी नुसता केस कापतो. ते उगवतात कुठून आन जातात कशानं, मला न्हाई ठावं. ते धुरपदाआईला इचारू."

धुरपदाआई तीन कोसांवर, घाटाच्या पायथ्याला राहायची. लोक आपापली डोकी घेऊन तिच्या अंगणात येऊन बसत. कुणाला खवडे, कुणाला कोंडा, कुणाच्या केसांत उवांनी राज्य केलेलं. म्हाताऱ्या धुरपदाआईने सावंत्राच्या टाळूवरून बोटं फिरवली, बराच वेळ फिरवली.

"परत येतील का गं आई?" सावंत्राने विचारलं.

"येतील, न्हाईतर न येतील. मला कळत न्हाई."

सावंत्रा बघतच राहिली. आजवर भेटलेल्या प्रत्येकाला सगळं कळत होतं. 'कळत नाही' म्हणणारी ही पहिलीच बाई. तिच्याजवळ शिकण्यासारखं पुष्कळ असणार, असं त्या पोरीच्या मनाने घेतलं, आणि बापाला एकट्यालाच परत जावं लागलं.

ती तिथे सात वर्षं राहिली. पहिलं अर्धं वर्ष धुरपदाआईने तिला कुणाच्या डोक्याला हातच लावू दिला नाही. फक्त आपले हात राखेने धुवायचे आणि बघायचं. मग ओल्या फडक्याखाली धान्य ठेवून ती विचारायची, "बोटानं सांग, राळं का मोहरी?" मग मेंढीच्या लोकरीचा गुंता सोडवायला द्यायची. एक तंतू तुटला तरी गुंता परत चुरगाळून हातात. सावंत्रा दात-ओठ खायची, पण सोडवायची. रिठा किती उकळायचा, माका कधी खुडायचा, करंजाचं तेल कोणत्या डोक्याला चालतं आणि कोणत्या डोक्याची आग करतं, हे सगळं ती शिकली. पण धुरपदाआईचा खरा धडा निराळाच होता.

"डोकं हातात घेतलंस, की माणसाला इचार. काय खाल्लं, झोप लागते का, घरात कोण गेलं. केस मुळाशी बोलतात, पर त्येंची बोली माणसाच्या तोंडातनंच ऐकू येती."

सावंत्राचे केस परत आले. पण आले ते तिन्ही जागी पांढरेशुभ्र. काळ्याभोर केसांत तीन पांढऱ्या बटा घेऊन ती बोरखळीला परतली, आणि लांबून येताना दिसली तरी लोक ओळखू लागले.

गावात तिचं नाव झालं. डोळे मिटून टाळूला बोट लावलं, की माणूस रानातलं की घरातलं, सुखातलं की घोरातलं, ती सांगायची, असं म्हणतात. आणि ती खोटी आशा लावायची नाही. टक्कल पडलेले पाटील एकदा तेलाची बाटली मागायला आले. तिने डोकं चाचपून हात जोडले. "पाटील, हे रान आता पडीकच ऱ्हाणार. पागोटं तेवढं झकास बांधा." पाटील आधी रागावले, मग हसले, आणि पुढे गावभर तेच सांगत सुटले.

मग ते वर्ष आलं.

गावातल्या अनसा कुंभारणीची नऊ वर्षांची लेक रंगू तापाने तीन महिने बाजेवर पडून होती. ती जगली, पण उठली तेव्हा तिचे केस एकत्र होऊन पाठीवर दोरखंडासारखा लगदा झाला होता. गावचा देवऋषी हैबती याने तो पाहिला आणि तिच्या कपाळाला भंडारा लावला. "ही देवीची जट हाय. देवीनं पोर मागितली. माघी पुनवेला तिला देवीला सोडायची." देवीला सोडलेल्या पोरीला पुढे ना घर, ना संसार. आणि जटेला कात्री लावणारा रक्त ओकून मरतो, हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. पुनवेला नऊ दिवस उरले होते.

सावंत्रा आपणहून कुंभारवाड्यात गेली. तिने रंगूला समोर बसवलं आणि जटेच्या मुळाशी हलकेच बोट घातलं. आत ऊन ऊन लागलं, ओलं लागलं. रंगूने ओठ घट्ट मिटले.

"दुखतं का गं?"

"देवीचं हाय. आई म्हणती, दुखतं म्हणायचं न्हाई."

"माझ्यापाशी म्हणायचं."

रंगूने आधी आईकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाली, "लई दुखतं." अनसाने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

सावंत्रा चावडीवर गेली. "मी कात्री लावणार न्हाई, वस्तरा लावणार न्हाई. बोटांनी सोडवीन. देवीची असंल तर देवी सुटू देणार न्हाई. सुटली, तर पोर आईची." हैबती विचारात पडला. नाही म्हणावं, तर देवीवर आपलाच भरवसा नाही असं दिसलं असतं. तो म्हणाला, "उघड्यावर बसायचं. समद्यांदेखत."

ओढ्याकाठच्या जांभळाखाली सावंत्रा बसली. उजाडलं की सुरू, दिवस मावळला की बंद. पहिले दोन दिवस तिने जटेत नुसतं कोमट तेल मुरवलं. तिसऱ्या दिवशी बोटांच्या टोकांनी पहिला केस सुटा केला. पाचव्या दिवशी हैबतीचा बैल अचानक मेला. माणसं धावत आली. "देवी कोपली! उठ तिथनं!" कुणी दगड उचलला. अनसासुद्धा डळमळली, लेकीचा हात धरून ओढू लागली.

सावंत्रा उठली नाही. तिने हैबतीलाच हाक मारली. "भाऊ, हितं बोट ठेवा. मग म्हणाल तर उठते."

हैबती वाकला. अर्धी जट सुटली होती, तिच्याखालची कातडी उघडी झाली होती. त्याने बोट टेकवलं मात्र, रंगू कळवळून किंचाळली. त्याच्या बोटाला पू लागला. त्याने ते बोट उजेडात धरून पाहिलं. "देवी आसं पोराला सडवत न्हाई," तो हळूच म्हणाला, आणि स्वतः ओढ्यावर जाऊन घागर भरून आणली. ज्याने दगड उचलला होता, त्याने तो खाली टाकला.

सातव्या दिवशी सावंत्राची बोटं सुजून मिटेनाशी झाली. तेव्हा गावच्या बायका एकेक करत येऊन बसल्या. ती सांगायची तसं त्या सोडवू लागल्या. केस सुटत गेले तसतसे लांबत गेले, असं म्हणतात. आठव्या दिवशी ते जांभळापासून ओढ्यापर्यंत पोचले, नवव्या दिवशी पाण्यावर पसरून पलीकडच्या काठाला लागले, आणि त्यावरून मुंग्या ओढा ओलांडून गेल्या. खरं-खोटं ओढ्याला ठाऊक. शेवटच्या गाठीतून मात्र काय निघालं, याबद्दल कुणाचं दुमत नाही. बाजेच्या सुतळीचा वीतभर तुकडा निघाला.

सावंत्राने तो हैबतीच्या हातावर ठेवला. त्यानेच सगळ्यांना वर करून दाखवला.

रंगूचं डोकं महिनाभरात बरं झालं. पुढे तिचं लग्न झालं, लेकरं झाली, आणि सासरच्या गावात तीही लोकांची डोकी बघायची. सावंत्रा पिकून म्हातारी झाली, सगळे केस पांढरे झाले आणि त्या तीन बटा त्यांत कुठे होत्या ते कुणाला सांगता येईना. मरताना तिच्या उशाशी गावच्या बाया बसल्या होत्या आणि आळीपाळीने तिचे केस विंचरत होत्या.

भोगीला सगळीकडेच लोक डोक्यावरून न्हातात. बोरखळीत मात्र त्या दिवशी कुणी आपलं डोकं आपण धूत नाही. ओढा आता उन्हाळ्यात आटतो, पण भोगीच्या सुमाराला पाणी असतं. सगळं गाव काठावर जमतं. सून सासूचं धुते, नातू आजाचं, शेजारी शेजाऱ्याचं. तेल लावायच्या आधी "दुखतं का?" असं विचारावंच लागतं, आणि समोरच्याने खरं सांगावं लागतं. एक दगड मोकळा ठेवतात, ज्याचं घरी कुणी नाही त्याच्यासाठी. त्याला सावंत्राचा दगड म्हणतात. गेल्या भोगीला त्यावर एक फिरस्ता म्हातारा येऊन बसला होता. दोन पोरी रिठ्याचं पाणी घेऊन त्याच्यामागे उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, तेव्हा त्याने आधी डोक्यावरचं फडकं सोडलं. मग तो म्हणाला, "व्हय गं, दुखतं." पोरी खाली बसल्या, आणि तो सांगेल ते ऐकत हळूहळू पाणी ओतू लागल्या.