चहाच्या वेळी धुरकटणारी काच

कॉम्प्युटरचे पडदे नुकतेच घरोघरी उजळू लागले होते आणि चष्म्याच्या काचा अजून बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट. दिवसभर कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवणाऱ्या शैलजा घरत चष्म्याच्या दुकानात आल्या. त्यांचे डोळे चुरचुरत होते.

"मला घ्या, मी पडद्याचा उजेड अडवते," निळसर काच म्हणाली.

"माझ्यातून डोंगरावरचं देऊळसुद्धा दिसतं," दूरची काच म्हणाली.

दुकानदार पाटणकरकाकांनी दोघींचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, कामाला बसता तशा बसा बघू." नाकापासून पडदा किती लांब असतो ते त्यांनी टेपने मोजलं आणि तेवढ्याच अंतराच्या नंबरची साधी काच बसवून दिली.

अक्षरं लख्ख दिसू लागली. काच खूश झाली. पण दुपारी डोळे पुन्हा चुरचुरले.

"माझं काय चुकलं गं?" काचेने पापणीला विचारलं.

"तुझं काही नाही. पडद्याकडे बघताना ताई मला मिटायचंच विसरतात."

इतक्यात चहा आला. काचेने मुद्दाम सगळी वाफ अंगावर घेतली आणि आपला लखलखाट घालवला. शैलजाताईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. तेवढ्यात पापणीने चारदा मिटून डोळे ओले करून घेतले. मग हे रोजचंच झालं.

महिन्याने शैलजाताई दुकानात आल्या. "काका, डोळ्यांना आराम आहे. पण काच चहाच्या वेळी फार धुरकटते."

काका काचेकडे कौतुकाने बघत म्हणाले, "मग चहा चुकवू नका."