जांभळीला मिळालेलं एकच टोक

त्या राज्यात दूरच्या झाडाशी बोलायचं तर वेलीशिवाय मार्ग नव्हता, आणि प्रत्येक झाडाच्या वाट्याला वेलीचं एकच टोक येई. बोलणं पानात बांधून पुडी करायची, वर दोन्ही झाडांची नावं लिहायची आणि पुडी टोकाला लावायची. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती पोचलेली असे.

नदीकाठच्या जांभळीत तिघे राहत. मुळांपाशी धीरोबा कासव, मधल्या ढोलीत चपळा खार आणि शेंड्याला लोंबीआत्या वटवाघूळ. धीरोबा पायाने टकटक करून बोले, चपळा दातांनी बिया वाजवून, आणि लोंबीआत्या उलटी लटकून, बारीक चिरक्या आवाजात. सहवासाने तिघांना एकमेकांचं कळे. वेलीचं टोक मात्र धीरोबाच्या घरात निघालं होतं, आणि वेलीला फक्त कासवाचीच भाषा कळते अशी सगळ्या झाडाची पक्की समजूत होती. धीरोबाचीही होती. खरं सांगायचं तर त्याला ती अंमळ सुखाचीच वाटे.

एरवी लोंबीआत्याचं काही अडत नव्हतं. पण त्या दिवशी पैलतीराच्या वडावर तिच्या धाकट्या भावाच्या लेकीचं बारसं होतं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्याचा पंख वादळात फाटलेला. उडून जाणं शक्यच नव्हतं. सकाळपासून तिच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती.

"नाव मला सांगा, मी धाडतो," धीरोबा म्हणाला.

"आणि बाळाच्या कानात पहिली जाणार ती तुमची टकटक? मग आत्या हवी कशाला?"

चपळाने दात परजले. टोक चिरून तीन करू, ज्याचं त्याला मिळेल, असं म्हणत ती वेलीकडे धावलीसुद्धा. "अगं बये, रस गळून गेला तर सगळं झाड मुकं होईल!" धीरोबा ओरडला आणि तिला अडवायला जन्मात पहिल्यांदा पळाला.

मग उरला एकच उपाय, आत्याने कासव होण्याचा. आत्या खोडाला धरत खाली मुळांपाशी उतरली. धीरोबा मनाने भला, शिकवायला बसला. आत्याच्या पाठीवर करवंटी बांधली, तिला सरळ बसवलं, हातात खडा दिला. सरळ बसताच तिला घेरी आली. दोनदा ती करवंटीसकट गडगडली. मदतीला आलेल्या चपळाने असा भरभर ताल धरला, की धीरोबाने मानच आत ओढून घेतली. ऊन डोक्यावर आलं. तिकडे पाळणा सजला असणार, पाहुणे खोळंबले असणार. समोर उघडं पान होतं आणि खड्याला धड एक अक्षर वाजवता येत नव्हतं. आत्याला रडू कोसळलं.

समोर उघडं पान दिसलं की ते बांधायचं, ही धीरोबाची जन्माची सवय. त्याने हुंदक्यांसकट पान बांधलं, नावं घातली आणि टोकाला लावूनही टाकलं. चूक ध्यानात येऊन त्याने हात पुढे केला, तोवर पुडी गेलीही होती.

तेवढ्यात उत्तराची पुडी टपकली. उघडली तर आतून भावाचा चिरका आवाज निघाला, "ताई, नुसतेच हुंदके आले गं! कोण काय बोललं तुला? अन् नाव कुठाय? सगळे वाट बघतायत!"



"म्हणजे वेल पुडी उघडून बघतच नाही!" चपळा म्हणाली. "वरची नावं बघते आणि पुढे चालू लागते!"

धीरोबाचं तोंड जरा पडलं. एवढ्या वर्षांचा मान एका हुंदक्यात गेला होता. मग त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तो पाठीवर उलथा पडला. चारी पाय वर, डोकं खाली. "लोंबीबाई," तो म्हणाला, "इथून बरं दिसतं की हो सगळं!"

आता चपळालाही धीर कुठला? मावशीला, मैत्रिणीला, तिच्या पुड्या तयार. उत्तरांचा घोळ नको म्हणून धीरोबाने प्रत्येक पुडीच्या कोपऱ्यावर खूण काढली. चपळाची शेपटी, आत्याचा पंख. उत्तरावर तीच खूण परत येई आणि तो ज्याचं त्याला देई. पण सगळ्यांत आधी सोडली ती आत्याची पुडी.

आत्याने करवंटी भिरकावली, मुळीला पाय अडकवून ती झकास उलटी लटकली आणि पानात तोंड घालून म्हणाली, "कुर्रर्रर्र... सांजवती!"

पैलतीरी आनंदाचा कल्लोळ उठला. जमलेल्या बायकांचे हात शिवशिवत होते, पण आत्याची पाठ काही समोर नव्हती. तेव्हा त्यांनी वेलीवरच धपाटे हाणले. त्या धपाट्यांना ना पुडी होती ना कोपऱ्यावर खूण. तिकडे ठाऊक होती ती फक्त जांभूळ. धपाटे टोकातून आत शिरले आणि उलट्या लटकलेल्या आत्याच्या, बिया वाजवणाऱ्या चपळाच्या आणि धीरोबाच्या टणक पाठीवर एकदमच दणादण पडले.