रुमाजी तारी मामा कसा झाला

फार मागची गोष्ट, तिवरगावातल्या आज्यांच्या आज्यांनीही नुसती ऐकलेली. ऐकताना मध्येच कुणाचं नातं विचारू नका. खुद्द रुमाजी तारीलाही ते कधी नीट उमगलं नाही, असं म्हणतात.

तिवरगावात घर आईकडून लेकीला जायचं. पोरी गावातच राहायच्या, नवरे खाडीपलीकडून नांदायला यायचे. रुमाजीही तसाच आला आणि तारी म्हणून खाडीत होडी चालवून सुखात होता. पण त्याची येशी बाळंतपणात गेली. मागे उरली बारा दिवसांची चंपी. आणि रीत अशी, की बायको गेली की पुरुषाने आपल्या आईच्या घरी परतायचं. मूल मात्र आईच्या घराचं, ते इथेच राहायचं.

रुमाजी निघाला. अर्ध्या खाडीत पोरीचं रडणं ऐकू आलं, त्याने होडी वळवली. काठाशी येताच रीत आठवली, पुन्हा वळवली. तीन दिवस हेच. शेवटी भरती-ओहोटीही गोंधळली आणि पाणी जागच्या जागी थांबलं, असं म्हणतात.

मग त्याची सासू सोनाई कमरेएवढ्या पाण्यात उतरली.

"रीत मोडूक येवची नाय," ती म्हणाली. "पण झील आवशीच्या घरात ऱ्हवता. माझो झील होतंस?" मुलगा आईच्या घरात राहू शकतो, तेव्हा तू माझा मुलगाच हो, असं तिचं म्हणणं.

"मगे येशी माझी कोण?"

"भयण."

"आणि चेडू?" त्याने रडणाऱ्या पोरीकडे बोट दाखवलं.

"भाची. तू तिचो मामा."

रुमाजीच्या डोक्याचा पार भुगा झाला. आपल्याच बायकोचा भाऊ कसं व्हायचं? पण पोर रडत होती. त्याने सासूच्या पदराखाली डोकं घातलं आणि पाणी वाहू लागलं.

चंपी 'मामा' म्हणायची, तो 'ओ' द्यायचा. कधी कधी त्यालाच वाटायचं, आपण मामाच असू. मग तिला ठेच लागायची, ह्याच्या काळजात कळ उठायची, आणि पुन्हा सगळं उलटंपालटं. फार वाईट वाटायचं बिचाऱ्याला.

म्हातारपणी एकदा वादळात त्याची होडी समुद्राकडे ओढली जाऊ लागली. सारा गाव काठावरून 'मामा, मामा' ओरडला. होडी काही वळेना. तेव्हा चंपी पाण्यात शिरली आणि ओरडली, "बाबाऽ!"

तिला कुणी सांगितलं होतं, की तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, यावर गावात अजून एकमत नाही. पण होडी प्रवाहाच्या उलट आली आणि काठाला लागली. रुमाजी आत हसत बसला होता. प्राण तेवढा नव्हता.

आजही तिवरगावात होडी बोलवायची असली, की लहानथोर, अगदी सत्तरीच्या म्हाताऱ्यासुद्धा, काठावरून 'बाबाऽ' अशीच हाक देतात. तारी कोणी का असेना, ती हाक ऐकली की तो येतो.