यजमानाचा पाट

मानाची हाव सुटली की माणसाला जागेचं भान राहत नाही. रक्तदाता मंडळाच्या ब्लॉगचा मेन्यू, म्हणजे कोणतं पान वर आणि कोणतं खाली याची यादी, वैजयंती बनवत होती. अध्यक्ष तात्यासाहेब मोहित्यांनी फर्मावलं, “सगळ्यात वर माझा परिचय, मग माझे सत्कार, मग भाषणं. ‘रक्त हवंय’ तळाला टाका.”

वैजयंतीचा भाऊ रक्ताची वाट बघतच गेला होता. तरी आवाज न चढवता तिने विचारलं, “साहेब, ब्लॉगवर येणारा आपला कोण?”

“पाहुणा.”

“आणि आपण?”

“यजमान! मंडळाच्या पंगतीत शेवटचा माणूस जेवल्याशिवाय मी पाटावर बसत नाही.”

“इथे तर पाहुण्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, साहेब. मग इथेच आधी कसे बसलात?”

तात्यासाहेब म्हणाले, “माझं नाव तळाला घाल, पोरी.”