गेनू सुताराचा गुळगुळीत पाटा

एका गावात एक भोळा सुतार होता, गेनू नावाचा. भोळा म्हणजे इतका, की मतं मागणारे सगळ्यात आधी त्याच्याच दारी जात. भिवा मिस्त्रीच्या हाताखाली तो शिकत होता. मिस्त्री एकदा बोलून चुकला, "धड कारागीर झालास, तर आमची भामा तुला दिली." तेव्हापासून गेनू मिस्त्रीचा शब्द खाली पडू देईना.

पहिल्यांदा त्यानं कुदळीचा दांडा केला. मिस्त्रीनं धरला नि बोंबलला, "मेलो! कुसळ घुसलं! अरे, वस्तू कशी गुळगुळीत हवी. लोणी जणू!"

"बरं मामा."

पाटे टोचून देणारा टाकीवाला गावात फिरकेना, म्हणून पाटलीणबाईंनी आपला झिजलेला पाटा टाकी लावायला गेनूकडे धाडला. गेनूनं घासघासून त्याचा आरसा केला. बाई वाटायला बसल्या, तर मिरच्या जागच्या जागी शाबूत नि वरवंटा अंगणात! पाटील आठ दिवस बिनतिखट जेवले. बाईंचं कुंकू मात्र पाट्यात बघून झकास रेखलं जाई.

मिस्त्री कडाडला, "गाढवा, जिथं घासाघाशी, तिथं खरखरीत हवं! टाकीनं टोचून काढायचं!"

"बरं मामा."

मग शाळेची सिमेंटची घसरगुंडी दुरुस्तीला आली. इथं तर नुसतीच घासाघाशी! गेनूनं ती वरपासून खालपर्यंत टोचून काढली. हेडमास्तरांना उद्घाटनाची भारी हौस. तेच पहिले घसरले. मास्तर खाली पोचले, विजारीचं बूड वरच राहिलं.

मिस्त्रीनं कपाळ बडवलं. "अरे बाबा, हातात धरायचं काही असलं, की आधी हात फिरवून बघ. बोचलं, तर काचकागद मार. मगच घे!"

"बरं मामा."

आणि काय नवल, गेनूनं अशी लाटणी केली की बाया हातातून सोडीनात. नवरे लवकर घरी येईनात, ते सोडा. मिस्त्री खूश. लग्न ठरलं.

मांडव भरला. मिस्त्रीनं डोळे पुसत भामाचा हात गेनूच्या हातात दिला. भामा बापाबरोबर करवत ओढणारी पोर, तळव्याला हे घट्टे! गेनूनं हात फिरवला. पुन्हा फिरवला. भटजी मंत्र विसरले.

"मामा, काम कच्चं राहिलंय," गेनू म्हणाला. कमरेचा काचकागद काढला नि नवरीचा तळवा घासू लागला.

भामानं त्याच हातानं त्याच्या कानाखाली जाळ काढला, मुंडावळ्या तोडल्या नि तरातरा घरी गेली. लग्न मोडलं.

गेनूनं गाल चाचपला. तोंडभर हसला.

"अजिबात बोचला नाही, मामा! आता दुसरा हात घेऊन या."