खेकड्याची तिरकी फेरी

खेकड्याला कधी सरळ चालताना पाहिलंय का तुम्ही? फार वर्षांपूर्वी अशाच एका खेकड्याला भैरोबाच्या डोंगराची फेरी करायची होती. फेरीचा नेम असा, की डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि दिवस मावळायच्या आत देवळाशी परत यायचं.

"तू चालणार तिरका. डोंगर तुझ्या उजवीकडे राहणार कसा?" घोरपड म्हणाली. "देव तुझी फेरी धरायचा नाही."

"माझ्या समोर राहील की, घोरपडताई," खेकडा म्हणाला आणि निघाला.

घोरपड पुढे होती. ससा आणि साळिंदर तिच्या शेपटीवर नजर ठेवून चालले होते. ती मात्र सारखी मागे वळून खेकड्याची चाल बघायची आणि हसायची. दुपारी वाटेला फाटा फुटला, तेव्हा हसता हसता ती ओढ्याच्या वाटेला लागली.

"ताई, डोंगर लांब चाललाय," खेकड्याने हाक मारली.

"तू तुझे पाय सांभाळ. पुष्कळ आहेत," ती म्हणाली, आणि तिघे पुढे गेले.

खेकडा एकटाच डोंगराकडे तोंड करून चालत राहिला. दिवस मावळायच्या आत तो देवळाशी पोचला. बाकीचे पोचले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिघांनी पुन्हा फेरी सुरू केली, डोंगराकडे तोंड करून, तिरकं चालत.