पाचवा सागरगोटा

सागरगोटे अजून आपसात बोलत, त्या काळची ही गोष्ट. इंदूआत्याच्या चिंध्यांच्या पिशवीत पाच सागरगोटे नांदत होते. त्यातला एक उंदराने पळवला, म्हणून आत्याने काष्ठौषधीच्या दुकानातून नवा आणला.

पिशवीत पडताच नवा अंग चोरून बसला. बाकीच्यांवर हातांची तकाकी चढलेली, हा मात्र कोरा करकरीत!

"आम्ही रेणूच्या पणजीच्या वेळचे," एकाने नाक मुरडलं. "तू कालचा. तुझी आमची बरोबरी कसली?"

नव्याला धास्तीच बसली. सकाळी आत्याची भाची रेणू सुट्टीला येणार, खेळ मांडणार. तिच्या हातून आपणच निसटलो तर?

एवढ्यात सगळ्यांत म्हातारा सागरगोटा खुदकन हसला. "बढाया कसल्या मारता रे? तू विहिरीत पडलेल्याच्या जागी आलास. हा जत्रेत हरवलेल्याच्या जागी. मीसुद्धा बदलीच आलो. पहिल्या पाचांतला इथे एकही नाही."

"मग पणजीच्या वेळचं उरलंय तरी काय?" नव्याने विचारलं.

"उद्या बघशील."

सकाळी आत्याने रेणूला समोर बसवलं. "अगं, मनगट सैल सोड. आता उडव, आणि लगेच हात पालथा कर. तुझ्या पणजीने मला असंच शिकवलं."

पाचही उडाले. नव्याने भीतीने डोळे मिटले आणि तो अलगद रेणूच्या पालथ्या हातावर येऊन टेकला.

"आत्या, पाचही!" रेणू किंचाळली.

"हे," म्हातारा नव्याच्या कानाशी म्हणाला, "हे उरलंय."